कुडकुडण्याची खुशाली

ती. आईस,
सप्रेम जय भीम.

फोनवर तू रोज विचारतेस, "थंडी कमी झाली का गं?" मी "हो" म्हटलं की तू खूश. पण आई, त्यामुळेच इथे हिमाचलात बागेत काम करणारे आम्ही सगळे काळजीत होतो. सफरचंदाच्या झाडांना हिवाळाभर गारठा मिळाला नाही, तर पुढे फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कळ्या, नीट फुटत नाहीत. आणि यंदाचा डिसेंबर म्हणजे अगदी आपली उबदार चिंचपोकळी! तुझी गोधडी मी उशाला घेत होते.

काल बर्फ पडला. बागेचे म्हातारे मालक झाडांना म्हणाले, "झोपा आता निवांत." असे आणखी पंधरा दिवस मिळाले की निभावेल.

बाबांचा खोकला कसाय? खरं सांग.

गोधडी पांघरूनच लिहितेय. चाळीत कुणी विचारलं तर सांग, पोरगी कुडकुडतेय, म्हणजे सगळं छान आहे.

तुझी,
आकांक्षा