पहिल्याच विचारण्याला

आट-बाशी, मंगळवार, १४ ऑक्टोबर

चीजच्या कारखान्यातली तुझी मुलाखत गुरुवारी आणि मला कळतं आज, तेही तुझ्या आईकडून, तेही दुसऱ्याच बोलण्याच्या शेपटाला. मेंढी कापायची असली तर आठ दिवस आधी मला विचारता. नात कामाला लागायची तर मी कोण? बरं.

जिपार, खुशाल असशील. मीही आहे. गुडघा गुडघ्याच्या जागी आहे, गाय अजून व्यायली नाही. फोन केला नाही, कारण फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतेस आणि दुसऱ्या हाताने भलतंच करत असतेस. कागद निदान उघडावा तरी लागतो. चार इयत्तांचं अक्षर आहे, हसू नकोस. उद्या शहराकडे निघणाऱ्या कुबातच्या गाडीतून ही चिठ्ठी आणि दही वाळवून केलेले कुरुतचे गोळे येतील. गुरुवारी सकाळी ते खाऊ नकोस, तोंडाला वास राहतो.

गेल्या महिन्यातलंही तुझ्या आईनेच सांगितलं. त्या डेअरीतल्या बाईंनी तुला पाच बरण्या हुंगायला दिल्या. कुठल्या दुधात सोडा, कुठल्यात पाणी, कुठलं कालचं, सगळं तू यंत्राआधी सांगितलंस. बाई खूश होऊन म्हणाल्या, "मग, सोमवारपासून येतेस?" आणि माझी हुशार नात काय म्हणाली? "छे, मला कुठं जमणार. माझ्याहून चांगल्या मुली असतील बाहेर."

बाहेर एक होतीच. तिला विचारलं, ती म्हणाली, येते.

तुझी आई म्हणते, शहरातल्यांना रीत नाही. तुझा बाप म्हणतो, नशीब. मी म्हणाले, पोरगी मूर्ख आहे. तिघंही खोटं बोललो.

आपल्यात पहिल्या विचारण्याला हो म्हणत नाहीत. चहा विचारला, नको. मांस पुढे केलं, नको. तिसऱ्यांदा गळी पडले की मग घ्यायचं. तू तीन वर्षांची होतीस. शेजारच्या ताजीगुलने लोणी लावलेला नान पुढे केला, तू लगेच हात लांबवलास, आणि मी सगळ्यांदेखत त्या हातावर चापटी मारली. तुला आठवत नसेल. हाताला आठवतंय.

आज ताजीगुललाच बसवलं समोर. म्हटलं, "समज, मी चीजच्या कारखान्याची मालकीण. येतेस कामाला?"

"नको गं बाई, माझं वय का आता ते."

"अगं, येतेस का?"

"तुला काय माणसांचा तोटा आहे?"

"शेवटचं विचारते. येतेस?"

"सुट्टी कोणत्या वारी असते?"

हसून पोट दुखलं. पण तिसऱ्यांदा विचारायला मी होते. कारखानेवाल्यांच्या दारात रांग असते.

तेव्हा ऐक. केस घट्ट बांध, निळा ड्रेस घाल, बूट बाहेरच पूस. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायची हेही मीच शिकवलं, गुरुवारपुरतं विसर. समोरच्याच्या कपाळाकडे बघ, डोळ्यांत बघितल्यासारखंच दिसतं. "आम्ही घरी चीज करतो" म्हणू नकोस, "मी करते" म्हण. येत नाही ते येत नाही म्हण, येतं ते येतं. यात गर्व कसला? गाय सहा लिटर देत असली तर लाजून कोणी चार सांगत नाही.

आता एक गोष्ट, जी तुझ्या आईला वेगळीच माहीत आहे.

सामुदायिक शेतीच्या दिवसांत अध्यक्षाने भर सभेत विचारलं, "बुरूल, गोठ्याची मुकादम होतेस?" अडतीस गाई, बारा बायका. मी मान खाली घालून म्हणाले, "माझी काय लायकी." आणि रुमालाच्या टोकाला पीळ घालत दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसले. अध्यक्ष साकिनकडे वळला. साकिन म्हणाली, "होते."

एकोणीस वर्षं मी तिच्या हाताखाली दूध काढलं. दुधातलं पाणी तिला जिभेवर ठेवूनही कळायचं नाही, माझ्याकडे यायची विचारायला. घरी मी सांगितलं, पोरं लहान म्हणून मीच नको म्हटलं. पोरं लहान नव्हती. तुझी आई शाळेत जात होती.

रडायला लिहीत नाही हे. साकिन वाईट नव्हती. तिला हो म्हणता येत होतं, एवढंच.

परक्याची रीत उचल असंही म्हणत नाही. आपल्याच दारात बघ. घाईने निघालेल्या माणसापुढे उंबऱ्यावर नान धरला तर तो नको म्हणतो का? पोट भरलेलं असो, भांडण झालेलं असो, तुकडा मोडतो, तोंडात टाकतो आणि मगच जातो. तिथे नको म्हणायची सोयच नाही. काम पुढे करतील तो उंबऱ्यावरचा नान समज.

तुला ते काम येतं. हे नाक माझं आहे, तुझ्या आईला चुकवून तुझ्याकडे आलंय.

तुझी आजी,
बुरूल

गुरुवारी संध्याकाळी कुबात परत निघतो. उत्तर तू लिहून त्याच्या हाती दे, आईने नाही. आणि तिथे विचारतील तेव्हाही उत्तर तूच द्यायचं. चापटी खाल्लेल्या त्या तीन वर्षांच्या पोरीला मध्ये बोलू देऊ नकोस.