खिडकी उघडू नका

बाबा,

पहिली बस आज माझ्याकडे आहे, म्हणून डेपोत लवकर चाललोय. तुम्हाला उठवलं नाही.

छोटीच्या खोलीतलं ओल शोषणारं यंत्र चालूच राहू द्या आणि खिडकी उघडू नका. यंत्राला वारा लागत असेल म्हणून तुम्ही ती रोज उघडत होतात, हे मला रविवारी कळलं. महिनाभर आपण अख्ख्या गल्लीची ओल उपसत होतो. त्यावरून मी तोंड सोडलं, ते चुकलं. दिवसातून दोनदा टाकी तुम्ही ओतायची आणि वर माझंच ऐकून घ्यायचं, हे काही बरोबर नाही.

टाकी भरली की लाल दिवा लागतो. ते पाणी मोरीत ओता, कितीही स्वच्छ दिसलं तरी चहाला घेऊ नका. ओले कपडेही त्या खोलीत वाळत घालू नका.

आज पलंगामागच्या भिंतीवर हात फिरवला, तर कोरडा ठणठणीत. काचेवरही पाणी नाही. लगेच फोटो काढून तुमच्या सुनेला पाठवला. खोकणाऱ्या छोटीला घेऊन ती माहेरी गेली, तेव्हापासून माझ्या एकाही निरोपाला तिचं उत्तर नव्हतं. आज मी बूट घालत असताना आलं. एवढंच लिहिलंय, 'तिची उशी उन्हात टाका.'

उशी खुर्चीवर काढून ठेवली आहे. गच्चीवर दहाला ऊन येतं.