विस्तव कोणी लावायचा

आई, आज सकाळीही गॅस मी पेटवला नाही. शेगडीखाली एक तार बसवली आहे. पाहणी करणारा ज्यू धर्मगुरू, इथला रब्बी, त्याच्या घरून फोनवर बोट ठेवतो, इथे तार लाल होते आणि तिच्या धगीवर बर्नर पेट घेतो. तोवर मी हात बांधून उभी असते. माझ्याबरोबर स्वयंपाक करणारी नागपूरची बाई कणकेवर फडकं टाकते आणि म्हणते, "ताई, आले बघा तुमचे अग्निदेव." पहिल्या दिवशी मी हसले होते.

तू गेलीस तेव्हा मी या देशात नुकती आले होते, त्यामुळे तुला यातलं काही माहीत नाही. श्रूजबरीत मी एक स्वयंपाकघर भाड्याने घेतलं आहे. वरण, भात, चपात्या, भाज्या आणि तुझी नारळाच्या दुधातली आमटी. ती आम्ही ज्यू वृद्धाश्रमात आणि त्यांच्या शाळेत पोचवतो. म्हातारे तिला सूप म्हणतात आणि पुन्हा मागतात. तिथे डबा जायचा तर त्यावर कोशेरचा, जेवण धर्माच्या नियमांत बसतं असा, शिक्का लागतो, आणि या भागात रब्बींच्या एकाच मंडळाचा शिक्का चालतो. परक्या हाताने शिजवलेलं चालतं, पण विस्तव ज्यू माणसानेच लावलेला हवा, हा नियम तुला सांगायला नको. इतकी वर्षं मी गॅस पेटवत होते आणि नागपूरवाली शिजवत होती. मग मंडळाचा नवा माणूस आला. तरुण, नम्र, दारातच बूट पुसणारा. त्याने विचारलं, "गॅस कोण पेटवतं?" मी म्हटलं, मी. "म्हणजे तुमचे हजबंड ज्यू आहेत?" मी म्हटलं, मी आहे. आईकडून. आम्ही बेने इस्राएल. कोकणातले. "इंटरेस्टिंग," तो म्हणाला. त्याला तुझ्या लग्नाचा कागद हवा होता, तो मी दाखवला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. म्हणाला, कागद खरा आहे, पण त्यावर सह्या करणाऱ्यांना आम्ही ओळखत नाही. पुढच्याच आठवड्यात तार बसली.

तेव्हापासून मला ठाण्याचं स्वयंपाकघर दिसत राहतं. शुक्रवारची दुपार आहे. तू मटणाला मीठ चोळून ते उतरत्या फळीवर ठेवलं आहेस आणि रक्त निथळून मोरीत जातं आहे. मला भूक लागली आहे, मी फळी उचलायला जाते आणि तू माझ्या हातावर चापट मारतेस. "थांब. रक्त आपलं नाही." शेजारच्या काकू दारात उभ्या आहेत. त्या म्हणतात, "अहो, एवढं कोण बघायला येतंय?" तू मान वर न करता म्हणतेस, "मी बघतेय ना." त्या घरात कुणी पाहणी करायला आलं नाही. कुणाला ते सुचलंही नसतं.

इथे आता काही रब्बी या एका शिक्क्याविरुद्ध उभे राहिले आहेत, त्यांत दोन बायकाही आहेत. नियम उघड लिहा, फी उघड लावा, कुणाचा शिक्का घ्यायचा ते लोकांना ठरवू द्या, असं त्यांचं म्हणणं. लायब्ररीत सभा होती. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "तुमची स्टोरी सांगा ना, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल." मला आमटी विकायची होती. मी मागच्या रांगेत जाऊन बसले. वृद्धाश्रमातले एक आजोबा काठी टेकत उठले. "उद्या दहा शिक्के आले तर मी कुठल्यावर भरवसा ठेवू? एकच आहे म्हणून मी निर्धास्त जेवतो." ते खोटं बोलत नव्हते. तूही परक्या घरात पाण्यापलीकडे काही घेत नव्हतीस. बाहेर पडताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "तुमचं सूप बंद करू नका हं." आश्रमाच्या मॅनेजरबाईंना मी विचारून पाहिलं. या रब्बींचा नवा शिक्का त्यांना स्वतःला चालेल, पण म्हाताऱ्यांच्या घरच्यांना चालणार नाही. शाळेचंही तेच. मंडळ सोडलं तर स्वयंपाकघर बंद, आणि नागपूरवालीही घरी.

तार काढायचा एक मार्ग मंडळाने दिला आहे. विधीच्या कुंडात तीन रब्बींसमक्ष एक बुडी, नव्याने ज्यू होणारे मारतात तशी. "जस्ट फॉर द डाउट," तो तरुण म्हणतो. "मग रोज तुम्हीच पेटवा." लेकीला हे फोनवर सांगितलं तर ती हर्नडनहून ओरडली. "मॉम, डोन्ट यू डेअर! मग आजी कोण होती? मी कोण आहे?" मी म्हटलं, अगं, नाही म्हटलं तर स्वयंपाक कुणासाठी करू? ती म्हणाली, "सू देम. कोर्टात खेच त्यांना." नागपूरवालीला वाटतं, त्यात काय एवढं. "आम्ही गंगेत मारतो तशी मारून टाका, ताई. बाहेर आलं की माणूस तेच." पण तेच नसतं. आत शिरणारी बाई कदाचित ज्यू नसेल, असं धरूनच तिला आत सोडतात. मी पाण्यात गेले की तू कदाचित नव्हतीस. तुझी आई कदाचित नव्हती. हे सगळं मी माझ्या तोंडाने म्हटल्यासारखं होईल.

मी फार थकले आहे, आई. रोज सकाळी ती तार लाल होताना पाहणं मला सहन होत नाही. गेल्या शुक्रवारी घरी काचेच्या पेल्यात तेल ओतलं, वात भिजवली, दिवा लावला, आणि हात डोळ्यांवर नेताना मनात आलं, त्यांचंच खरं असेल तर? क्षणभरच आलं. पण ते त्यांनी माझ्या घरात येऊन विचारलं नव्हतं. ते मीच विचारलं.

मंगळवारी नागपूरवालीला एकटीने सांभाळायला सांगितलं आहे. बुडीला मी मंडळाला हो म्हटलं आहे. लेकीला अजून सांगितलेलं नाही. आणि हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, याचं आज पहिल्यांदाच मला बरं वाटतं आहे.