चार नंबरचा ठोका

लोहारा, यवतमाळ
८ नोव्हेंबर २०२५, संकष्टी

चि. प्रियंका,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आज उपास आहे. सोबत चिवडा पाठवते, डबा परत आण. फोनवर हे सांगायला माझी जीभ वळत नाही, अन् बाबा घरी असले की बोलताच येत नाही. दोन खोल्यांच्या घरात तुझ्या बाबांना सगळं ऐकू जातं. शेजारच्या फरहानाचा इम्तियाज ट्रॅव्हल्सनं पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे देते. टपालाचा खर्चही वाचला.

कापूस येऊन राह्यला, जिनिंग जोरात आहे. तू पुण्यात पडद्यासमोर बसून बाबांच्या जिनिंगमधल्या मशीनचं दुखणं आधीच सांगतेस, याचं बाबांना कोण कौतुक! भेटेल त्याला सांगतात, "माह्यी पोरगी पुण्याहून मशीनची नाडी पाहते."

मागं तू फोन केलास, "बाबा, चार नंबरच्या मशीनचं बेअरिंग जाऊन राह्यलं. ठोका मधेच चुकते." ते म्हणाले, बदलतो. मग म्हणाले, बदललं. तू पुन्हा सांगितलंस, ठोका तसाच आहे, उलट बिघडला.

बाई, मशीनचे ठोके तुला पुण्यात कळवते ती डबी चार नंबरवर नाहीच.

दसऱ्याला बाबांनी दरवर्षीसारखे पाने-पेचकस पूजेला घरी आणले. मशीन धुताना काढलेली तुमची ती डबीही त्यात आली. मी तिलाही हळदकुंकू लावलं. हरवली तर पगारातून कापतील, म्हणून बाबांच्या लोखंडी पलंगाच्या पायाला चिकटवून ठेवली; चुंबकच आहे तिला. सीझन लागला अन् विसरले.

परवा सुटी होती. दुपारी ते झोपले होते अन् मी झाडत होते, तर पलंगाखाली हिरवा दिवा लुकलुकताना दिसला. बाबा मशीनचं ऐकतात तसं केलं. पेचकसाचं टोक पायाला टेकवलं, मूठ कानाशी धरली. ठक. ठक. मग काहीच नाही. मी चिंतामणीचं नाव घेतलं, ते घेऊन झालं, तेव्हा कुठे पुढची ठक आली.

वर पाहिलं तर डोळे उघडे. माझ्याकडेच पाहत होते.

"बेअरिंग कसं आहे, मिस्त्रीणबाई?"

"तुमाले माहीत होतं?"

"चार नंबर उघडली तवाच. डबीच नाही तिथं. मंग समजलं, पोरगी कोनाले ऐकून राह्यली."

"मंग काढली काहून नाही?"

"ऐकू दे. एवढ्या ध्यानानं आपलं कोन ऐकते?"

दवाखान्याचं काढलं तर म्हणे, सीझन होऊ दे. मी रडले, शपथ घातली. हसले फक्त. "मालकाचा नियम हाय. पुण्याचा रिपोर्ट 'बंद करा' म्हनन, तवाच मशीन बंद."

तर तू तसा रिपोर्ट दे. कागदावर, सही-शिक्क्याचा. अन् स्वतः घेऊन ये. माझं ऐकत नाहीत, तुझा रिपोर्ट त्यांनी कधी मोडला नाही.

आणखी एक आहे. लिहू की नको, असं करत पान इथवर आलं.

आज सकाळी ते जिनिंगला गेल्यावर चादर बदलायला गेले. दिवा लुकलुकतच होता. दांडीवर हात ठेवला. रिकामा पलंग, अन् ठक. ठक. पंखा बंद, रस्त्यावर ट्रक नाही. हात न काढता त्यांना फोन लावला.

"काय झालं वं? जित्ता हाय मी, भाकर खाऊन राह्यलो," म्हणाले. बोलता बोलता त्यांना दम लागला, बोलणं तुटलं. अन् माझ्या हाताखालचा ठोका तिथंच थांबला. ते पुन्हा बोलले, तसा तोही सुरू झाला.

डबी काढलेली नाही. काढली तर नेमकं काय थांबेल, ते मला कळत नाही.

हे वाचून आधी पडदा पाहू नको. आधी गाडी पाहा.

पलंगावरचा हात न उचललेली,
तुझी आई
इंदू