दहाव्या फौजेच्या पुस्तकात नसलेली बाई

आबा, ज्या जर्मन फौजेनं तुम्हाला इटलीच्या डोंगरात बर्फातून पळायला लावलं, तिच्यावरचं पुस्तक मी महिनाभर वाचते आहे. इंग्रजीत आहे, विटेएवढं जाड. सुनेनं पुण्याहून मागवून दिलं. तुम्ही तिला 'धा नंबरची फौज' म्हणायचात. पुस्तकातही दहावीच आहे. आष्टीच्या शाळेत मी जन्मभर इतिहास शिकवला, पण इतक्या बारकाईनं कधी वाचला नव्हता. फौज कोणत्या नदीकाठी अडून बसली, पूल कसे उडवले, सुरुंग कुठं पेरले, एक फळी सोडून मागच्या फळीवर कशी शिस्तीत हटली, सगळं नकाशांसकट आहे. हटताना वाटेतली गावं रिकामी केली, घरं पाडली, जनावरं हाकून नेली, हे मात्र एका परिच्छेदात उरकलंय. तेही शिस्तीतच म्हणे. मेली ती शिस्त! मी भिंग घेऊन नकाशे पाहिले. तुमची नदी सापडली. तिच्या वरच्या अंगाचं गाव सापडलं नाही, आणि तुमची धनगरीण तर कुठंच नाही.

तुम्ही सांगायचात ते मला पाठ आहे. इंग्रजांच्या पलटणीतून महायुद्धावर गेलात, आफ्रिकेच्या वाळूत पकडले गेलात, तिथून इटलीच्या तुरुंगछावणीत. मग इटलीनं हत्यारं टाकली, छावणीचे पहारेकरी पळाले, आणि जर्मन यायच्या आत तुम्ही डोंगर गाठला. तिथं त्या विधवा बाईनं तुम्हाला मेंढवाड्यात लपवलं. तिचा पोरगा रशियाच्या लढाईवर गेलेला, परतलाच नव्हता. त्याचा कोट तिनं तुमच्या अंगावर घातला. तिची भाषा तुम्हाला येत नव्हती, तुमची तिला. पण भाकर मोडली की मोठा तुकडा तुमच्या हातावर यायचा. "सापडलो आसतो तर दोघांलाबी भिताडाला उभं केलं आसतं," असं सांगताना तुम्ही आपल्या घरच्या भिंतीकडं बघायचात. पुढं ती फौज नदीकाठी खंदक खणायला आली आणि बाईनं तुम्हाला अक्षरशः ढकलून वाटेला लावलं. खिंडीत पोचून मागं पाहिलंत तर गावावर धूर. "चुलीचा व्हता का घराचा, ते काय कळलं न्हाई बग." दर वेळी हेच वाक्य, आणि मग तुम्ही उठून बाहेर जायचात.

त्या गावात सगळ्या घरच्या मेंढरांचं दूध एका कढईत जायचं, पाळीपाळीनं. ते पाहून आलात म्हणून आपल्या गावात दूध सोसायटी काढलीत. लोक हसले, 'इटलीवाला' म्हणाले, पण सकाळी किटल्या घेऊन रांगेत उभे राहिले. आणि दर सर्वपित्री अमावस्येला माळवदावर दोन पानं वाढायचात, एक आजोबांचं आणि एक त्या बाईचं. ज्याच्या मरणाची तिथी ठाऊक नाही त्याला हीच अमावस्या. आई कुरकुरायची, "कोन कुठली बया, ना नात्याची ना गोत्याची!" आजोबांच्या पानावर कावळा झट्‌दिशी यायचा. तिच्या पानाला मात्र तुम्ही चिकटून बसायचात, गुडघे पोटाशी घेऊन. "आवो, तुमी आसं उरावर बसल्यावर कावळा यील कसा?" आई खालून ओरडायची. तुम्ही नुसतं हसायचात. ऊन कलेपर्यंत बसून, पान गाईपुढं ठेवून खाली यायचात, आणि मग घर जेवायचं. त्या जेवणाला तुम्ही इतके खुशीत का असायचात, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मग तो दुष्काळ आला. मी सतरा वर्षांची. सोसायटीच्या किटल्या भिंतीला पालथ्या टांगलेल्या, गाय गुरांच्या छावणीत, तुम्ही दिवसभर रोजगार हमीच्या आधीचं ते दुष्काळी काम करून हाताची सालटं काढून आलेले. घरात रेशनची लाल मिलो ज्वारी, तिची भाकर घशाखाली उतरायची नाही. अमावस्येच्या आदल्या दिवशी तुम्ही सोसायटीच्या वहीतला कोरा कागद काढून माझ्यासमोर ठेवलात. "उद्याची आमुशा होऊ दे. मग त्या बाईला पत्र लिहू. तू इंग्रजी लिही, तिथं कोनीतरी वाचून दावील." मी म्हटलं, मेलेल्या माणसाला पत्र? तुम्ही म्हणालात, "कोन म्हनलं मेली?" मला वाटलं, उपाशी पोटी माणूस काहीही बोलतो.

दुसऱ्या दिवशी दोन पानं वाढलीत, प्रत्येकावर अर्धी भाकर. आजोबांच्या पानाला कावळा शिवला नि उडून गेला. तुम्ही दुसऱ्या पानाशी बसलेले, अंगात कणकण, डोळे खोल गेलेले. तेवढ्यात पाण्याची गाडी आली आणि खाली हंड्यांवरून भांडण पेटलं. सोसायटीचे चेअरमन म्हणून लोक तुम्हालाच हाका मारत होते. "हितं बस, आलोच," म्हणून तुम्ही उतरलात. मी पानापाशी बसले. माझ्या मनात एकच, की कावळा शिवला नाही तर ऊन कलेपर्यंत हा माणूस जेवायचा नाही, आणि तोवर पडेल. तुमची चाहूल जिन्यात ऐकली आणि मी म्हणाले, "आबा, शिवला! तिच्याबी पानाला शिवला!"

तुम्ही जिन्यातच थांबलात. "कवा?"

"आत्ताच. मोठा तुकडा नेला."

पानावर मोडलेली भाकर होती. तुम्ही ती बराच वेळ पाहिलीत. "मंग गेली म्हनायची," म्हणालात, आणि मला म्हणालात, "तू का म्हून उठून हाकलला न्हाईस त्याला?" मग खाली जाऊन, त्या दुष्काळात, तांब्याभर पाणी डोक्यावर ओतून घेतलंत. सुतकाची आंघोळ. आई किंचाळली, "आवो, प्याचं पानी हाय ते!" तुम्ही ओल्या अंगानं भिंतीकडं तोंड करून बसलात. जेवला नाहीत. आई कागदाचं काय करायचं विचारायला लागली तर म्हणालात, "आता कोनाला लिव्हायचं?" पुढच्या वर्षीपासून दुसरं पान नाही, धुराची गोष्ट नाही. मी वर्षभर वाट पाहिली तुम्ही पुन्हा तिचं नाव काढाल म्हणून. तुम्ही गेलात तरी काढलं नाहीत.

तुम्ही कावळ्याची वाट बघत नव्हता, राखण करत होता. कावळा शिवला नाही म्हणजे ती जिवंत आहे. जर्मनांच्या अख्ख्या फौजेच्या हातून वाचली असेल तर ती त्या एका पानावर वाचली होती, आणि मी सतराव्या वर्षी, तुमच्याच काळजीपोटी, तिला मारली. हे पुस्तक मी म्हणूनच मागवलं. कुठंतरी लिहिलेलं असेल की त्या गावाला त्यांनी हात लावला नाही, की माणसं वाचली. तशी एक ओळ मिळाली असती तर तिच्याखाली रेघ मारून तुमच्या फोटोपुढं ठेवली असती. शेवटचं पानही वाचून झालं, आबा.

परवा सर्वपित्री आहे. हे पत्र तुमच्या पानाखाली ठेवायचं म्हणून लिहायला बसले होते. त्यात हेच सांगायचं होतं की कावळा आला नव्हता. भाकर मी मोडली, आणि मला इतकी भूक लागली होती की तो मोठा तुकडा तुमची पावलं वाजेपर्यंत मी गिळलाही होता. पण तुमच्या पानाला कावळा दर वर्षी अजून झट्‌दिशी शिवतो. म्हणजे तुमचा जीव कशात अडकलेला नाही, तुम्हाला माहीत नाही. ठेवणार नाही मी हे पत्र. यंदा तो आला नाही तर मी काय करू?