पाळी कुणाची, मोटर कुणी लावली

आबा, आज दिवसभर मी आपल्या विहिरीवरची पाण्याची पाळी कॉम्प्युटरला समजावतोय आणि आता पार कंटाळलोय. तुम्ही असता तर म्हणाला असता, एवढं शिकून शेवटी पाणीच धरतोस का.

सामाईक विहिरींसाठी आमची कंपनी ॲप बनवते. शेतकऱ्याच्या मोबाईलमधला प्रोग्राम एकानं लिहिलेला, ऑफिसातला दुसऱ्यानं. म्हणून कोणती गोष्ट कोणत्या रूपात पाठवायची, हे दोघांत आधी ठरवावं लागतं. आकडा, अक्षरं, हो किंवा नाही, एवढे प्रकार आयते मिळतात. पाळी आयती मिळत नाही. तो डेटा टाइप आपणच घडवायचा: शेतकरी कोण, मोटर कधी सुरू, कधी बंद. उद्या तो कायम होईल, मग त्याला कुणी हात लावू देत नाही.

मी त्यात आणखी एक जागा ठेवली, मोटर कुणी लावली याची. आमच्या मॅडम म्हणतात, ज्याची पाळी तोच लावणार, उगाच पसारा कशाला. पण ती जागा काढली की मोटर लावील त्याच्या नावावर पाळी जाते, आणि ज्या घरात कुणी गेलंय, सुतक आहे, त्या घराची पाळी हिशेबात बुडते. मॅडमचा तरी काय दोष, त्यांनी अशी विहीर बघितलेली नाही.

तुम्ही गेलात तेव्हा कापूस बोंडावर होता. आम्ही सुतकात, शेताची शुद्ध कुणाला? दहाव्यानंतर मी विहिरीवर जातो तर सऱ्या ओल्या, आणि मोटरजवळ विहिरीतले आपले वाटेकरी, शेजारच्या शेतातले काका उभे. बांधाच्या भांडणापायी तुम्ही शेवटपर्यंत ज्यांच्याशी बोलला नाहीत, तेच. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "पाळी तुमचीच व्हती. म्या निस्ती मोटर लावली. माझी पाळी उद्या हाय." आणि चालू लागले. सुतकातल्या घराचं पाणी वाटेकऱ्यानं धरायचं, हा रिवाज मला माहीत होता. तो भांडणातही चुकत नाही, हे त्या दिवशी कळलं. मला तिथंच रडू आलं.

संध्याकाळी मॅडमनी शेवटचं विचारलं. शेतकऱ्यांचीच मागणी आहे, असं मी ठोकून दिलं, आणि त्यांनी ती जागा राहू दिली. खरं तर कुणीच काही मागितलं नव्हतं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, ते एका परीनं बरंच आहे. कारण त्या दिवशी तुम्ही असता, तर काकांनी लावलेली मोटर तुम्ही बंद केली असती, असं मला अजून वाटतं.