ताईच्या पोटातला फुगा

माय,

तू गेली तेव्हा फुगा जत्रेत मिळत होता. पोरं फुगवत अन् संध्याकाळपर्यंत तो फुटत होता. आता तो मोठ्या बायांच्या पोटात बसवतात. खोटं वाटेल तुले, पण तुझ्या थोरलीच्या पोटात सहा महिने होता, मागच्या महिन्यात काढला. तिची बातमी तुले कळव असं मले कोणी म्हटलं नाही. पण तिचं काही कानावर पडलं नाही तर तुले तिकडेही चैन पडत नसेल, एवढं मी तुले ओळखते. चौथीपर्यंत शिकली मी. धाकट्या नातीच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढून लिहून राह्यली आहे. अक्षर वाकडं येते. तुले तसंही वाचता येत नव्हतं, म्हणून लाज नाही.

कापूस वेचणीचे दिवस आठवतात काय तुले? शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या निंबाले काटा टांगलेला, बाया आपापली गाठोडी घेऊन बसलेल्या, अन् सगळ्यांचं तोलून झालं की बाबा गंमत म्हणून आम्हा दोघी बहिणींले चादरीच्या झोळीत घालून आकड्याले लटकवत. ताई बसली की काटा खाली अन् तुझी मान वर. बाया म्हणत, "काकू, पोरगी खात्या घरची दिसते वो." मग माझी पाळी. बाबा म्हणत, "अवो, पोरगी तर बसवा न कोनी, मी कवाचा नुसती चादर तोलून राह्यलो!" सगळ्या हसत. तूही हसत होती, माय. तोंडाले पदर लावून, पण हसत होती.

ताईचं लग्न जमवायचं होतं त्या हिवाळ्यात तू डिंकाचे लाडू केले. डबा वरच्या फळीवर, खाली तू. सकाळी एक लाडू अन् पितळी गिलास भरून दूध, ताई नको नको म्हणे तरी तिच्या तोंडाले लावत होती. मी एक दिवस पाट्यावर चढून डब्यात हात घातला. तू मारलं असतं तर मी विसरून गेली असती. तू मारलं नाही. लाडू माझ्या हातातून काढून घेतला, परत डब्यात ठेवला, अन् तिखट कुटता कुटता म्हणाली, "तुले चारलं काय अन् खांबाले चारलं काय, सारखंच." मी चुलीजवळ उभी आहे, खलबत्त्याचा आवाज सुरू आहे, अन् माझ्या बोटांले तूप लागलेलं आहे. ते तूप मी चाटलं, हे तुले माहीत नाही.

ताईले वणीच्या ट्रकवाल्यांनी पाहताक्षणी पसंत केलं. तिची सासू म्हणाली, घरात लक्ष्मी आली, दारातून मावत नाही. दोन वर्षांनी माझे पाहुणे आले, ते मे महिन्यात. तू मले एकावर एक तीन परकर नेसवले, तेही खळ दिलेले. पोलक्याच्या आत जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. पोह्यांची ताटली घेऊन मी उभी, अन् घाम पोटऱ्यांवरून टाचेपर्यंत वाहून राह्यला. मारेगावकडच्या त्या घरानं मले पसंत केलं. लग्न झालं, परकर उतरले, अन् सासूनं मले पहिल्यांदा नीट पाहिलं. म्हणाली, "दाखवली एक अन् धाडली अर्धी!" मरेपर्यंत म्हणत होती, दर दिवाळीले, पाहुण्यांसमोर. फसवणूक तुझी होती, अंग माझं.

पण माय, दिवस फिरतात. ताईचे गुडघे गेले. आधी काठी, मग शुगर, मग लग्नात तिच्यासाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवू लागले, एक मोडेल म्हणून. अन् मी? मी तुरीच्या शेंगा तोडते, विहिरीच्या पायऱ्या उतरते, मांडी घालून बसते अन् जमिनीले हात न लावता उठते. ज्या बाया मले काडी म्हणत, त्यांच्या सुना मले विचारू लागल्या, "आजी, तुम्ही अशा काटक कशा राह्यल्या?" पंधरा-वीस वर्षं मी जिंकत होती. ताईजवळ घर मोठं, गाड्या, नोकर, सगळं. माझ्याजवळ एकच गोष्ट तिच्याहून बरी होती. ती मी कोणापासून हिसकून घेतली नव्हती. तुम्हीच सगळ्यांनी नको म्हणून माझ्याकडे टाकलेली.

मागच्या वर्षी गुडघ्यांच्या डॉक्टरनं ताईले सांगितलं, एवढ्या वजनावर गुडघे बदलता येत नाही, आधी वजन उतरवा. पोटाचं ऑपरेशन करून घ्यायले ती तयार नव्हती. मग तिच्या सुनेनं हा फुगा शोधून काढला. ताईचा फोन आला, "तू ये. चार-पाच दिवस ओकाऱ्या होतात म्हनते. सुनेसमोर मले ओकाची लाज वाटते." मी म्हटलं, "अन् माझ्यासमोर?" ती म्हणाली, "तुह्यासमोर कायची लाज वो?" मी पिशवी भरली. सेवा करायले चालली, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे पाहायले चालली होती.

नागपूरचा डॉक्टर माझ्या नातजावयाच्या वयाचा. कागदावर पोट काढून दाखवलं त्यानं. कापायचं नाही, टाके नाहीत. थोडी गुंगी देऊन तोंडातून नळीनं रिकामा फुगा उतरवायचा, अन् आत निळं पाणी भरायचं, अर्ध्या लिटरच्या आसपास. पोट आधीच भरलेलं राहते, म्हणून माणूस दोन घासात थांबते. सहा महिन्यांनी तसाच नळीनं बाहेर. "जादू नाही ही," तो म्हणाला, "खाणं बदललं नाही तर वजन परत येईल." अन् लघवी निळी-हिरवी दिसली तर फुगा फुटला समजायचं, तसंच पळत यायचं. त्याचं अर्धा लिटर ऐकलं अन् मले तुझा पितळी गिलास दिसला. हिचं पोट भरायले तेव्हा तू होती, आता डॉक्टर आहे. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं अन् विचारलं, "आजी, तुमचं वजन छान आहे हो. काय खाता तुम्ही?" मी म्हटलं, "जे उरते ते." तो हसला, सून हसली. ताई नाही हसली.

वणीले घरी आणल्यावर पहिल्या दिवशी तिच्या पोटात चमचाभर पाणीही ठरेना. पाठ चोळत, तस्त धरून मी बसली. ओकून ओकून तिचा आवाज बसला, अन् त्या बसलेल्या आवाजात ती ओरडत होती, "माय वो, माय!" सत्तरीले टेकलेली बाई. माझी दोन बाळंतपणं मी दात आवळून काढली, तुझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तरी तू तेव्हा ताईकडेच होती, तिच्या पोराची बाळुती धूत. अन् एक सांगते. ताई मोरीतून आली की दर वेळी मी आत जाऊन पाणी टाकायच्या आधी पाहत होती, रंग बदलला काय. सून म्हणे, "मावशी किती काळजी करतात!" मी निळं दिसावं म्हणून पाहत होती. फुटला असता तर काढला असता, ती जशी होती तशी राह्यली असती, एवढंच. जीव जावा असं मनात नव्हतं. तेवढी वाईट नाही मी.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईनं हात टेकले. म्हणाली, काढा हे, मले नाही पाहिजे. पोरानं फोन लावला. डॉक्टरनं सांगितलं, सहन होतच नसेल तर घेऊन या, आजच काढू, पण अजून दोन दिवस निभावलं तर बहुतेक बसेल. पोरगा म्हणे, "आई, तू ठरव." सून म्हणे, "आई, दोनच दिवस. मग तुमचे गुडघे होतील, तुम्ही चालाल." ताईनं दोघांले खोलीबाहेर काढलं. मले म्हणाली, "दार लाव." मी लावलं. ती भिंतीले टेकून बसलेली, केस मोकळे, ओठ सुकलेले. म्हणाली, "तू सांग. काढू काय?"

माय, माझं उत्तर तयार होतं. तीन दिवसांपासून तयार होतं. काढला तर ती खुर्चीतच राहणार, हे मले सुनेइतकंच समजत होतं. मी तिच्याजवळ बसली, तिचे केस मागे घेतले अन् म्हटलं, "काढून टाक, ताई. या वयात कायले जीवाले एवढा त्रास? तू भरल्या अंगाचीच चांगली दिसते."

ती माझ्याकडे पाहत राह्यली. मग तिचं पोट हलू लागलं. मले वाटलं ओकारी आली, मी तस्त पुढे केलं. पण ती हसून राह्यली होती. पोट दाबून, कण्हत कण्हत हसत होती. म्हणाली, "अवो, तू आयुष्यात मले गोड बोलली नाही. माह्या लग्नातबी नाही. आज काहून गोड बोलून राह्यली?"

"तुही दया आली म्हनून."

"दया!" ती म्हणाली. "जळकुकडी कुठली. तू काढ म्हनते म्हनजे मी बारीक होनार, हे पक्कं. बोलाव सुनेले. ठेवते मी."

अन् ठेवला. चौथ्या दिवशी नारळपाणी ठरलं, सहाव्या दिवशी वरणाचं पाणी. मग मी गावी आली. पुढचं मी फोनवर ऐकलं अन् सणावाराले पाहिलं. आधी तिच्या बांगड्या ढिल्या झाल्या, मग पोलकी, मग तोंड. वाटीभर मुगाची खिचडी अन् अर्धी पोळी, तीही अर्धा तास चावून. काठी धरून अंगणात फेऱ्या घालू लागली. पुसदले नात्यातलं लग्न होतं तिथे ती एका खुर्चीत बसली अन् बाया तिच्याभोवती मधमाश्यांसारख्या. "अवो, ओळखूच नाही आल्या!" "काय केलं वो?" "किती तरुण दिसता!" मी बाजूलेच उभी. एकीनं माझ्याकडे पाहिलं अन् हळू आवाजात विचारलं, "तुमची तब्येत बरी नाही काय? लय उतरल्या." मी तोळाभरही उतरली नाही, माय. मी होती तेवढीच आहे. तिचं बारीक होणं कमाई झाली, अन् माझं बारीक असणं दुखणं. साठ वर्षं मी जे फुकट वागवलं, ते तिनं सहा महिन्यांत मिळवलं अन् तिच्याच अंगाले शोभलं.

तिथेच तिनं तो किस्साही सांगितला. आता सगळीकडे सांगते. "माह्या बहिनीनं जळून सांगितलं काढ, म्हनून मी ठेवला! तिच्या जळन्यानं मी चालून राह्यली." मांडव हसते. मीही हसते, सगळ्यांत मोठ्यानं. बायांले वाटते बहिणी-बहिणींची थट्टा आहे, केवढं प्रेम. फक्त ताई तो किस्सा सांगताना सगळ्यांकडे पाहते, माझ्याकडे पाहत नाही.

फुगा निघाला. अजून थोडं उतरलं पाहिजे, मग गुडघे करू म्हणतात, आधी उजवा. काल तिचा फोन आला होता. दवाखान्यात जवळ राहायले तूच ये म्हणाली. सून आहे, नर्स आहेत, पैसे देऊन ठेवलेली बाई राहू शकते. तरी मीच. "येते," म्हटलं. मले माहीत आहे की तिले माहीत आहे. मग ती मले काहून बोलावते, ते विचारावं असं तोंडावर आलं होतं. नाही विचारलं. तुझी पोरगी आहे ती, विचारलं तर सांगून टाकील.

हा कागद घरात ठेवता येत नाही. नात वाचते अन् तिच्या पोटात काही राहत नाही. मनातलं ताईले माहीत असणं वेगळं, अन् माझ्या हातचं लिहिलेलं तिच्या हातात पडणं वेगळं. उद्या आंघोळीचं पाणी तापवताना बंबात घालीन. अन् एक राह्यलंच, माय. त्या दिवशी ती हसली अन् ठेवते म्हणाली, तेव्हा सुनेले हाक मारायले मी लगेच उठली नाही. ती अजून एकदा ओकेल अन् मन बदलेल, म्हणून थोडा वेळ तशीच बसून राह्यली.